आमांशाचा जंतू आणि डॉ. कियोशी शिगा

आमांश हा शब्द पुस्तकातला. घरात आपण मुरडा म्हणतो, आंव म्हणतो, आणि रक्त दिसू लागले की रक्ती आंव. जपानी लोक या दुखण्याला सेकिरी म्हणतात. त्या शब्दाचा अर्थही लाल जुलाब असाच होतो. नाव कोणतेही असो, हाल एकच. पोटात कळ येते, रोगी उठून जातो, थोडी आंव आणि रक्त पडते, परत येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा कळ. अंगात ताप असतो, जीभ कोरडी पडते, आणि मूल लहान असेल तर दोन दिवसांत त्याचे डोळे खोल जातात. लढाईवर गेलेल्या फौजांना शत्रूच्या गोळीपेक्षा या दुखण्यानेच अधिक जेरीला आणले, अशी उदाहरणे सगळ्या देशांच्या इतिहासात सापडतात.

या आमांशाचा एक प्रमुख जंतू ज्यांनी शोधला त्यांचे नाव डॉक्टरांच्या तोंडी नेहमी असते, पण ते माणसाचे नाव आहे हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शिगेला हा शब्द ऐकून एखाद्या वेलीचे किंवा परीकथेतल्या राजकन्येचे नाव असावे असे वाटते. प्रत्यक्षात तो आला आहे कियोशी शिगा या जपानी डॉक्टरांच्या आडनावावरून. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी हा शोध लावला आणि पुढे साठ वर्षे ते जगले. त्या साठ वर्षांत त्यांना जे पाहावे लागले, ते शोधाइतकेच सांगण्यासारखे आहे.

शिगा यांचा जन्म जपानच्या ईशान्य भागातल्या सेंदाई शहरात ७ फेब्रुवारी १८७१ रोजी झाला. काही पुस्तकांत १८७० साल दिलेले आढळते. त्याचे कारण इतकेच की जपानात तेव्हा जुने चांद्र पंचांग चालू होते आणि त्या हिशेबाने वर्ष अजून संपलेले नव्हते. त्यांचे मूळ नाव नाओकिची सातो. वडील सेंदाई संस्थानच्या पदरी सामुराई, म्हणजे पिढीजात शिलेदार. १८६८ साली जपानात मोठी उलथापालथ होऊन सम्राटाच्या नावाने नवे राज्य आले. सेंदाईच्या सरदारांनी नव्या राज्याच्या विरुद्ध बाजू घेतली होती, ती हरली. पेशवाई बुडाल्यावर आपल्याकडच्या शिलेदार घराण्यांची जी अवस्था झाली तीच सातो कुटुंबाच्या वाट्याला आली. तलवार राहिली, तनखा गेला. मुलाला आईच्या माहेरी दत्तक देण्यात आले. ते शिगा घराणे वैद्यकी करणारे होते. अशा रीतीने नाओकिची सातो यांचे कियोशी शिगा झाले. ही दत्तकाची गोष्ट घडली नसती तर त्या जंतूला आज सातोएला म्हणावे लागले असते!

१८८६ साली ते शिक्षणासाठी टोकियोला आले, १८९२ साली तिथल्या शाही विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत गेले आणि १८९६ साली पदवीधर झाले. चांगली नोकरी किंवा दवाखाना सहज थाटता आला असता. पण ते गेले सांसर्गिक रोगांच्या संशोधन संस्थेत, डॉ. शिबासाबुरो कितासातो यांच्या हाताखाली.

या कितासातोंविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. धनुर्वाताचा जंतू वेगळा काढून वाढवण्याचे कठीण काम त्यांनी १८८९ साली साधले, आणि पुढच्याच वर्षी बेहरिंग यांच्याबरोबर रक्तातील प्रतिविषाचा शोध लावला. १८९४ साली हाँगकाँगला प्लेग सुरू झाला तेव्हा तिथे जाऊन जंतूचा तपास करणाऱ्यांत ते होते. दोन वर्षांनी मुंबईत शिरला तो हाच प्लेग. स्वदेशी परतल्यावर सरकारने त्यांना लगेच जवळ केले नाही. थोर शिक्षणतज्ज्ञ युकिची फुकुझावा यांनी मदत केली म्हणून १८९२ साली ती संस्था उभी राहिली. फुकुझावांचे चित्र जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर कित्येक वर्षे होते, आणि २०२४ सालापासून हजार येनच्या नोटेवर कितासातो आहेत. शिष्य मात्र कोणत्याच नोटेवर नाही.

शिगा संस्थेत येऊन जेमतेम एक वर्ष झाले असेल, तोच १८९७ च्या उन्हाळ्यात जपानात आमांशाची भयंकर साथ आली. जून ते डिसेंबर या काळात सुमारे नव्वद हजार माणसे आजारी पडली, आणि आजारी पडलेल्यांपैकी शंभरात वीसहून अधिक दगावली. कितासातोंनी या रोगाचे मूळ शोधण्याचे काम आपल्या नव्या मदतनिसावर सोपवले.

तोवर या रोगाविषयी काय ठाऊक होते? सेंट पीटर्सबर्ग येथील लॉश नावाच्या डॉक्टरांना १८७५ साली एका रोग्याच्या शौचात अमीबा हा एकपेशीय जीव दिसला होता. पुढे इजिप्तमध्येही तो सापडला. पण अमीबाचा आमांश सावकाश येतो आणि रेंगाळतो. एका महिन्यात गावेच्या गावे झोपवणारी साथ हे त्याचे काम नव्हे. दुसरा कोणी गुन्हेगार असणार हा संशय होता, आणि निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळे जंतू पुढेही केले होते, पण एकाचेही म्हणणे टिकले नव्हते.

अडचण अशी, की माणसाचे आतडे ही मुळातच जंतूंची वस्ती आहे. निरोगी माणसाच्या शौचातही अब्जावधी जंतू असतात. त्यांतून रोग करणारा नेमका कोणता हे ओळखणे म्हणजे आषाढीला पंढरपुरात वाळवंटावर उभे राहून गर्दीतला खिसेकापू हुडकण्यासारखे आहे. सगळ्यांच्या कपाळी बुक्का, सगळ्यांच्या गळ्यात माळ! सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे जंतू लहान काडीसारखे दिसतात आणि एकाला झाकावा, दुसऱ्याला काढावा इतके सारखे असतात.

शिगांनी जी युक्ती योजली ती मला या सगळ्या कथेत सर्वांत सुंदर वाटते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९६ साली, पॅरिसच्या विडाल या डॉक्टरांनी विषमज्वराची परीक्षा शोधून काढली होती. टायफॉइडच्या रोग्याच्या रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, टायफॉइडच्या जंतूंमध्ये मिसळला की ते जंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. विडाल टेस्ट आपल्या ओळखीची आहे. कित्येक वर्षे घरोघरी ताप लांबला की डॉक्टर तीच लिहून देत. तिचा उपयोग असा: जंतू माहीत आहे, रोग ओळखायचा आहे. शिगांनी ती उलटी फिरवली. रोग माहीत आहे, जंतू ओळखायचा आहे. आमांशातून उठलेल्या माणसाच्या शरीराने त्या जंतूशी झुंज दिलेली असते, म्हणून त्याच्या रक्ताला शत्रूची ओळख असणारच. मग त्या रक्तालाच साक्षीदार करावे. शौचातून एकेक जातीचा जंतू वेगळा वाढवावा, त्यात बऱ्या होत चाललेल्या रोग्याचा रक्तद्रव घालावा, आणि कोणत्या जंतूच्या गुठळ्या होतात ते पाहावे.

संस्थेतील छत्तीस रोग्यांवर त्यांनी हे काम केले. एकच काडीसारखा जंतू पुन्हा पुन्हा सापडत गेला आणि रक्ताने पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच बोट दाखवले. हा जंतू कुत्र्यांना खाऊ घातला तर त्यांना जुलाब होत. त्या वर्षाच्या अखेरीस शिगांचा निबंध जपानी भाषेत छापून आला आणि पुढच्या वर्षी जर्मन भाषेत. शास्त्रज्ञांच्या जगात तेव्हा जर्मनचाच मान होता, त्यामुळे खरा बोलबाला दुसऱ्या निबंधानंतर झाला.

निबंधावर नाव एकट्या शिगांचे होते. विषय कितासातोंनी दिला, जागा त्यांची, मार्गदर्शन त्यांचे. प्रथेप्रमाणे त्यांचे नाव आधी आले असते आणि कोणी आक्षेपही घेतला नसता. त्यांनी ते घातले नाही आणि वर्षाचीही उमेदवारी न झालेल्या शिष्याला सारे श्रेय घेऊ दिले. प्रयोगशाळांत काम केलेल्या वाचकांना याची किंमत सांगायला नको. पुढे आयुष्यभर शिगांनी गुरूची साथ सोडली नाही, याचे बीज मला इथे दिसते.

निबंधात एक चूक राहिली होती. जंतूला थोडी हालचाल असते असे शिगांनी लिहिले. वस्तुतः हा जंतू जागचा हलत नाही. १९०० साली जर्मनीत क्रूझे यांना आमांशाच्या रोग्यांत असाच जंतू सापडला, तेव्हा हालचालीच्या या मुद्द्यावरून आपला जंतू वेगळा असे त्यांनी मांडले. वाद काही काळ चालला. दोन्ही एकच असल्याचे ठरले तरी युरोपात बरीच वर्षे त्याला शिगा-क्रूझे असे जोडनाव होते. त्याच सुमारास अमेरिकन डॉक्टर सायमन फ्लेक्सनर यांना फिलिपाइन्समध्ये याचा एक भाऊबंद सापडला. १९१५ साली डेन्मार्कचे सोने यांनी तिसऱ्याचे वर्णन केले. चौथ्याला बॉइड यांचे नाव आहे. त्यांनी हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेच्या प्रयोगशाळांत या जंतूंचा कसून अभ्यास केला होता. या साऱ्या कुळाला शिगेला हे नाव दिले ते कोलंबोत अनेक वर्षे काम केलेल्या कास्टेलानी या इटालियन डॉक्टरांनी, १९१९ साली, आपल्या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या उष्ण प्रदेशांतील रोगांवरच्या ग्रंथात. १९३० पासून जंतुशास्त्राच्या प्रमाणग्रंथाने ते स्वीकारले. भाऊबंद चार असले तरी सर्वांत जहाल तो शिगांचाच.

जंतू सापडला म्हणजे लस आता दूर नाही, असे कोणालाही वाटेल. शिगांनाही वाटले. त्यांनी जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. इथे मुंबईकरांना साहजिकच डॉ. हाफकिन आठवतील. भायखळ्याला प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचली होती, आणि तीही मारलेल्या जंतूंचीच होती. हाफकिन यांना ताप आला, दंड दुखला आणि ते बरे झाले. त्यांची लस पुढे लाखो लोकांना दिली गेली. शिगांचे नशीब तितके चांगले नव्हते. टोचल्या जागी भयंकर सूज आली, गळू झाले, ते चिरून पू काढावा लागला. जंतू मेला तरी त्याचे विष मेले नव्हते. जी लस स्वतःच्या हाताची ही गत करते ती लहान मुलांना द्यायची कशी?

त्यांनी मार्ग बदलले. घोड्यांना जंतू टोचून त्यांच्या रक्ताचे प्रतिविष तयार केले, ते लसीबरोबर मिसळून दिले म्हणजे लसीचा दाह सोसवतो असे आढळले, आणि या पद्धतीने जपानात हजारो लोकांना टोचण्यात आले. रोग झालाच तर तो सौम्य होतो अशी आशा दिसली. पण नव्या रोग्यांची संख्या काही घटली नाही. तोंडाने घ्यायची लसही त्यांनी करून पाहिली. त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटली, आणि शिगेलावर जगभर सर्रास वापरता येईल अशी लस अद्यापही आलेली नाही. या जंतूंचे पन्नासच्या आसपास पोटभेद आहेत आणि एकाविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला दाद देत नाही, हे त्याचे एक मोठे कारण. तेव्हा शिगा जिथे अडले तिथे त्यांच्यानंतरचे पुष्कळ जण अडले आहेत, हे त्यांना न्याय देताना विसरू नये.

त्या विषाची कथा मात्र शिगांच्या आयुष्याच्या बरीच पुढे गेली. १९०३ च्या सुमारास शिगा आणि काही जर्मन शास्त्रज्ञ यांनी या जंतूपासून निघणाऱ्या जहाल विषाचा अभ्यास मांडला. त्याला शिगा विष हेच नाव पडले. ते शरीरातल्या पेशींचे प्रथिने तयार करण्याचे यंत्रच बंद पाडते. नेमके कोठे, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी शास्त्रज्ञांनीच दाखवून दिले. आणि १९८२ साली अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन काही लोकांना रक्ताचे जुलाब झाले, तेव्हा त्यांच्या पोटात शिगेला नव्हता. होता ई. कोलाय या एरवी निरुपद्रवी जंतूचा एक बिघडलेला प्रकार, आणि त्याच्याजवळ शिगा विषाचा सख्खा भाऊ शोभेल असे विष होते. जंतूंना लागण करणाऱ्या विषाणूंनी ते विष करण्याची विद्या एका जातीतून दुसऱ्या जातीत नेली होती. या विषाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होतात. १९९६ साली जपानातल्या साकाई शहरात शाळेतील दुपारच्या जेवणातून याच जंतूची साथ पसरली आणि हजारो मुले आजारी पडली. शोध लागून शंभर वर्षे होत आली असताना शिगांचे नाव त्यांच्याच देशातील वर्तमानपत्रांत असे परत आले.

असो. आपण १९०१ सालाकडे वळू. त्या वर्षी शिगा जर्मनीला गेले आणि फ्रँकफर्टला पॉल एर्लिख यांच्याजवळ चार वर्षे राहिले. एर्लिख यांना एका कल्पनेने झपाटले होते. कापड रंगवायचे काही रंग विशिष्ट पेशींनाच चिकटतात. मग एखादा रंग रोगजंतूला चिकटून त्याला मारील आणि माणसाला धक्का लावणार नाही, असे का होऊ नये? शेकडो रंग घ्यायचे, रोगट उंदरांना टोचायचे, मेलेले उंदीर मोजायचे आणि पुढचा रंग घ्यायचा. कंटाळवाणे आणि निराश करणारे हे काम शिगांनी चिकाटीने केले. १९०४ साली ट्रिपान रेड नावाच्या रंगाने, दक्षिण अमेरिकेतील घोड्यांना होणाऱ्या एका रोगाचे उंदीर बरे झाले. मोठ्या जनावरांवर त्याचा तसा उपयोग झाला नाही. तरीसुद्धा मुद्दाम तयार केलेल्या रसायनाने शरीरातला रोगजंतू मारता येतो हे त्या उंदरांनी दाखवले. पुढे १९०९ साली कितासातोंचेच दुसरे शिष्य हाता यांनी एर्लिखकडेच ६०६ क्रमांकाचे औषध उपदंशावर लागू पडते हे सिद्ध केले आणि जगभर डंका वाजला. शिगांचे उंदीर त्या गडबडीत विसरले गेले.

१९०५ साली ते मायदेशी परतले. १९१४ मध्ये सरकारने कितासातोंना न विचारता त्यांची संस्था शिक्षण खात्याकडे वळती केली, तेव्हा कितासातोंनी राजीनामा दिला आणि त्यांच्यामागोमाग सगळ्या सहकाऱ्यांनी दिला. त्यांत शिगा होते. कितासातोंनी स्वतःच्या नावाची नवी संस्था काढली. शिगा तिथे गेले. १९२० साली मात्र ते कोरियाला गेले. तिथल्या सरकारी इस्पितळाचे प्रमुख, मग वैद्यकीय शाखेचे प्रमुख आणि १९२९ ते १९३१ पर्यंत सेऊलच्या शाही विद्यापीठाचे अध्यक्ष अशा चढत्या जागा त्यांनी भूषवल्या. मान मोठा होता, पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि ते जाण्याच्या वर्षभर आधीच तिथली स्वातंत्र्याची चळवळ क्रूरपणे चिरडण्यात आली होती. परक्या राजवटीचे मोठे डॉक्टर आणि मोठे कुलगुरू आपणही पाहिलेले आहेत. त्यांतले काही विद्वान होते, काही सज्जनही होते, पण खुर्ची कोणाची हे प्रजा विसरत नसे. शिगांचे चरित्र सांगताना ही अकरा वर्षे केवळ गौरवाची म्हणून सांगता येणार नाहीत.

याच काळात त्यांनी आपल्या देशाचे एक मोठे काम केले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून काल्मेत यांच्याकडील क्षयाच्या लसीचे, म्हणजे बीसीजीचे, मूळ जंतू त्यांनी जपानला आणले. जपानची बीसीजी लस त्या बियाण्यापासून वाढलेली आहे.

१९३६ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या तीनशेव्या वर्षाच्या समारंभाला जगभरातले विद्वान जमले, त्यांत पासष्ट वर्षांचे शिगा होते. आमांशाचा जंतू सापडल्यापासून त्या रोगाच्या बाबतीत काय काय झाले, हा त्यांचा विषय. अशा जागी माणूस आपल्या पराक्रमाचा पाढा वाचतो. शिगांनी सांगितले ते वेगळेच. जंतू सापडला तेव्हा आपण तरुण होतो आणि हा रोग आता नाहीसा होणार अशी आशा वाटली होती. जपानात दरवर्षी अजून हजारो माणसे त्याला बळी पडत आहेत आणि ती आशा मंद झाली आहे. तरी ती विझू देऊ नये, अशा आशयाचे ते भाषण होते. चाळीस वर्षांपूर्वी जिंकलेल्या माणसाने भर सभेत दिलेला हा हिशेब आहे, आणि तो खरा होता.

आशा मंद होण्याचे कारण प्रयोगशाळेत नव्हते. कॉलरा होण्यास पोटात फार मोठ्या संख्येने जंतू जावे लागतात. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू गेले तरी पुरतात. इतके जंतू न धुतलेल्या बोटावर मावतात, माशीच्या पायावर मावतात. म्हणून नुसती विहीर शुद्ध करून भागत नाही. शौचकूप, नळ, साबण आणि स्वयंपाक करणाराचे हात असे सगळेच सुधारावे लागते. केरळात कासरगोड जिल्ह्यात २०२२ साली एका दुकानातला शवर्मा खाऊन कित्येकांना बाधा झाली, एक मुलगी दगावली, आणि तपासात शिगेला निघाला. सुट्टीत मुलांना गावी नेताना आपण उकळलेल्या पाण्याची इतकी काळजी घेतो. हातांकडे मात्र लक्ष जातेच असे नाही.

शिगांची अखेरची वर्षे कष्टाची गेली. १९४४ साली संस्कृती पदक हा देशातला फार मोठा सन्मान मिळाला. त्याच युद्धकाळात पत्नी गेली, मुलांचे मृत्यू पाहावे लागले, आणि टोकियोतले घर बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाले. म्हातारपणी ते सेंदाईच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या एका खेड्यात राहायला गेले. केन दोमोन या प्रसिद्ध जपानी छायाचित्रकाराने १९४९ साली तिथे त्यांचे छायाचित्र काढले. पाठ्यपुस्तकांत नाव असलेला, सम्राटाचे पदक मिळालेला हा माणूस त्यात मोडका, जोडून घेतलेला गोल चष्मा लावून बसलेला आहे. कागदी दारांना ठिगळे आहेत. चेहऱ्यावर तक्रार दिसत नाही.

तोवर आमांशावर औषधे आली होती. आधी सल्फाच्या गोळ्या, मग स्ट्रेप्टोमायसीन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन. मृत्यू कमी होऊ लागले, पण रोगी कमी होत नव्हते; १९५० च्या दशकाच्या आरंभी जपानात वर्षाला लाखाच्या आसपास माणसांना आमांश होत होता. आणि १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका रोग्यात असा शिगेला सापडला, जो या चारही औषधांना दाद देत नव्हता.

२५ जानेवारी १९५७ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षात, शिगा यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ साली, ओचियाई आणि आकिबा या जपानी संशोधकांनी दाखवले की औषधाला दाद न देण्याचा हा गुण एक जंतू शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. आज सगळ्या जगातल्या इस्पितळांना ज्याची धास्ती आहे त्या गोष्टीचा पहिला पुरावा शिगांच्याच जंतूने दिला. १९६९ साली मध्य अमेरिकेत ग्वाटेमालापासून शिगांच्या जंतूची मोठी साथ पसरली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना आरंभी तो अमीबाचा आमांश वाटला आणि चुकीचे औषध दिले गेले. चार वर्षांत त्या भागात सुमारे वीस हजार माणसे मेली. १९८४ साली पश्चिम बंगालमध्ये तो उसळला. २०१६ सालच्या जगभरातील अंदाजात शिगेलाच्या खात्यावर सुमारे दोन लाख मृत्यू आहेत.

खुद्द जपानात मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर आमांशाचे आकडे झपाट्याने उतरले. लस तेव्हाही नव्हती. खेड्यापाड्यांत नळ गेले होते, शौचकूप सुधारले होते, आणि शाळेत मुले जेवणाआधी रांगेने हात धूत होती.